रोगाचे बाहुले, रोग्याचे नव्हे

नागपूरची मारबत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कोणी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, कोणी आजोळच्या निमित्ताने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू, कागद आणि कापड यांची काळी व पिवळी मारबत इतवारीच्या गल्ल्यांतून निघते. सोबत बडगे असतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्याने लोकांना छळले असेल त्याचा. इडापीडा, खोकला, रोगराई सारे घेऊन गावाबाहेर जा, असे मारबतीला ओरडून सांगितले जाते आणि शेवटी त्या पुतळ्यांचे दहन होते. १८८०च्या दशकात सुरू झालेली ही मिरवणूक २०२० साली करोनामुळे नेहमीसारखी निघू शकली नाही. रोगराईला हाकलणारा उत्सव रोगराईनेच अडविला, हा योग मला तेव्हाही चमत्कारिक वाटला होता.

घरच्या घरी राक्षस करण्याची ही हौस केवळ नागपूरची नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतील मुले बांबू, गवत आणि कागद यांचे नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. आपली जी मुले-मुली अमेरिकेत स्थिरावली आहेत, त्यांच्या अंगणांत ऑक्टोबरअखेर हॅलोविनचे कोळी, वटवाघळे आणि सांगाडे दिसतात. त्यांतील बरेचसे दुकानातून आणलेले प्लॅस्टिक असते; परंतु काही घरांत आई-वडील आणि नातवंडे कागदाचा लगदा कालवून स्वतःच्या हाताने ती भुते घडवितात, आणि माझ्या मते खरी मौज त्या घरांचीच. विकत आणलेल्या भुताला मूल भिते किंवा कंटाळते. स्वतः केलेल्या भुताचा पाय कोठे चिकटविला आहे हे त्यास ठाऊक असते.

मारबतीची मिरवणूक सुरू झाली त्या दशकात मलेरिया कसा पसरतो हे जगात कोणासही सिद्ध करता आले नव्हते. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत मलेरियाचा परजीवी आढळला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे पोळ्याच्याच सुमारास. त्यापूर्वीच्या माणसांना रोग दिसत नव्हता, म्हणून त्यांनी त्यास मनाने एक रूप दिले. आपणास मात्र खरे रूप ठाऊक आहे, आणि तरीही रुग्णास ते दाखविण्याचे आपल्याला सुचत नाही. डेंग्यूच्या रुग्णाच्या नातेवाइकांना प्लेटलेटचा आकडा तोंडपाठ असतो. त्यांच्याच कूलरमध्ये वळवळणाऱ्या अळ्या त्यांनी कधी पाहिलेल्या नसतात.

म्हणून माझी सूचना अशी, की येत्या पोळ्याला आपल्या घरांतून मातीचे बैल पुजले जातील तेव्हा अंगणात, दवाखान्याच्या ओसरीवर एक डासही उभा राहावा. चांगला चार फुटी, मुलांनी केलेला. श्रावण अमावास्या (आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या पंचांगात ती भाद्रपदातली) म्हणजे भर पावसाळा. डासांचा हंगामही तोच.

सामग्रीच्या बाबतीत आपल्या बऱ्हाणपुराइतके भाग्यवान गाव विरळा. यंत्रमागांवर सुत ज्यावर गुंडाळून येते ते कागदी कोन आपल्याकडे ढिगाने पडलेले असतात. तीन-चार कोन एकात एक बसविले की डासाचे पोट तयार. पायांना बांबूच्या कामट्या, सोंडेला एक सरळ काडी, पंखांना केळीच्या खोडाचे वाळलेले सोपट किंवा पतंगाचा कागद, आणि चिकटविण्यास मैद्याची खळ. खर्च जवळजवळ शून्य.

खरे शिक्षण येथून पुढे सुरू होते. पाय किती? सहा. मुले हटकून आठ लावतात, कारण मनात कोळी असतो. पायांवर पांढरे पट्टे हवेत. ते पांढऱ्या सुताचे वेढे देऊन उत्तम साधतात. पाठीवर चुन्याने वीणेसारखी पांढरी खूण काढली की एडिस इजिप्ती पूर्ण झाला, किंबहुना झाली. कारण चावते ती मादीच, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर करावयाचा असल्यास मिशा पिसासारख्या झुपकेदार कराव्यात आणि त्यास निरुपद्रवी म्हणून बाजूस बसवावे. मलेरियाचा ॲनॉफिलिस करणाऱ्याने पंखांवर ठिपके द्यावेत आणि शेपूट वर करून तिरका बसवावा. ज्या मुलाने हे सारे दोन दुपारी खपून केले, त्यास एडिस दिवसा चावते आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढते हे फलकावर लिहून सांगावे लागणार नाही. हा डास कूलरच्या शेजारीच टांगावा. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी; आणि अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून ती घासावीही, हे तेथेच उभे राहून सांगता येईल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता ‘एड्सचा राक्षस’ या नावाखाली मुलांनी हाडकुळा, खोल गेलेल्या डोळ्यांचा, अंगावर फोड आलेला एक माणूस उभा केलेला पाहिला. कारागिरी अप्रतिम होती. परंतु तो राक्षस नव्हता, तो आमचा रुग्ण होता. पाहणारी मुले त्यास बोट दाखवून हसत होती. त्याच गर्दीत कोणाचा काका वा वडील तशा अवस्थेत घरी असू शकेल, हे कोणाच्याही मनात आले नसावे.

रोगाला रूप देण्यातला धोका हाच आहे. पूर्वी पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडीत, तेव्हा रोग शेजारच्या गावाच्या माथी मारला जाई. मारबतीतही स्त्रीरूपावर सारी इडापीडा लादली जाते आणि काळ्या मारबतीच्या कथेत तर भोसले घराण्यातील बांकाबाईंचे नाव गोवले गेले आहे. त्या प्रथेविषयी मला आदर आहे, तथापि तिच्यातील हा अंश डॉक्टरांनी उचलू नये. करोनाच्या काळात घरांवर फलक लागले, शेजार तुटले. अधिकाऱ्यांचा तसा विशेष आदेश असल्याखेरीज रुग्णांच्या दारावर फलक लावू नयेत, असे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. क्षयरोगाचा बडगा करायचा असेल तर खोकणारा माणूस करू नये. दांड्यासारखा लांबट जंतू करावा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तसा लाल रंगवावा. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर हे पथ्य दुप्पट काटेकोरपणे पाळले पाहिजे.

काही व्यवसायबंधू म्हणतील, डॉक्टरांनी हे पोरखेळ करावेत काय? मला तो आक्षेप फारसा वजनदार वाटत नाही. लहान मुले घाबरतील, हा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. दोन-तीन वर्षांच्या बालकांच्या नजरेसमोर, विशेषतः लसीकरणाच्या खोलीत, हा प्राणी नसावा. तेथे आधीच पुरेशी रडारड असते.

दहनाविषयी माझे मत थोडे अप्रिय होईल. थर्माकोल, प्लॅस्टिक किंवा जुने टायर पुतळ्यात असतील तर ते जाळू नयेत. तो धूर दुसऱ्या दिवशी दम्याच्या रुग्णांच्या रूपाने आपल्याच दारी येतो. टायर तर पुतळ्यात नकोच, कारण अंगणात पडलेल्या टायरात साठलेले पाणी हेच एडिसचे आवडते पाळणाघर. कोन, कामट्या आणि केळीचे सोपट यांचा डास मोडून खताच्या खड्ड्यात टाकता येतो. मुलांना जाळण्याचीच हौस असेल तर कागदाचे पंख तेवढे, मोठ्यांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागी जाळावेत. सुती कपडे घालून.

पोळ्यापूर्वीच्या रविवारी माझ्या दवाखान्याच्या मागील अंगणात, सकाळी दहापासून, दोन-तीन डास करून पाहण्याचा विचार आहे. मंडळाच्या सभासदांनी मुला-नातवंडांसह यावे. कामट्या, रंग आणि खळ यांची सोय मी करीन. कोन मात्र ज्याने त्याने आपापल्या ओळखीच्या कारखान्यातून आणावेत.