जेट इंजिन घेताना आटणी धरा

होडीला इंजिन घेणारा आमचा व्यापारी बंधू पहिला प्रश्न विचारतो, "किती हॉर्सपॉवरचे?" प्रश्न रास्त आहे; पण ही हॉर्सपॉवर कोठे मोजली, हे तो विचारत नाही, आणि पैसा तेथेच बुडतो.

जेट आउटबोर्डला उघडा पंखा नसतो. इंजिनाखालचा पंप पाणी ओढतो आणि जोराने मागे फेकतो. तळाखाली फारसे काही लोंबत नसल्याने होडी उथळ, खडकाळ पाण्यातही जाते. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तिकडच्या उथळ नद्यांसाठी जेट होडी घडवली. पुढे अमेरिकेत अलास्का, मिसुरीच्या नद्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या होड्यांना जेट आउटबोर्ड बसू लागले.

सोय मोठी, तशी किंमतही मोठी. पंपात सुमारे ३० टक्के शक्ती जाते. ६० हॉर्सपॉवरचे इंजिन जेटवर ४०चे काम देते, ११५चे ८०चे. पेट्रोल मात्र मोठ्या आकड्याचेच जळते. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून शिंपी आधीच वाढीव कापड मागतो. येथेही आटणी धरूनच माप घ्यावे.

दुसरा हिशेब वजनाचा. होडी पाण्यावर उचलली जाऊन सरपटू लागली, तरच जेटचा खरा फायदा. तेव्हा होडी, इंजिन, इंधन, माणसे आणि माल यांची बेरीज करावी. तीही सर्वांत जास्त माल असेल त्या दिवसाची. शक्ती अपुरी पडली तर होडी बसूनच चालते, उथळ पाण्यात पंप वाळू-खडे ओढतो आणि आतला पंखा घासून निकामी होतो.

म्हणून अवाढव्य इंजिन घ्यावे काय? मुळीच नाही. अमेरिकेत १९७२पासून २० फुटांखालच्या बहुतेक मोटारहोड्यांवर माणसे, वजन व हॉर्सपॉवर यांची कमाल मर्यादा सांगणारी पाटी सक्तीची आहे. तो आकडा हद्द आहे, शिफारस नव्हे. हद्द ओलांडली की मागची फळी आणि माणसांचे जीव दोन्ही धोक्यात येतात. पाटी नसेल तर होडी बांधणाऱ्याकडून मर्यादा लेखी घ्यावी.

आमच्या कोकणच्या खाडीत माल भरून संथ चालणाऱ्या होडीला जेट परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. २५ फूट पाणरेषेच्या जड होडीचा वेग साडेसहा-पावणेसात नॉटच्या आसपास अडतो. त्यापुढे शक्ती वाढवली तर वेग थोडा आणि इंधनखर्च फार वाढतो. तेथे पंख्याचे लहान इंजिनच बरे.

विक्रेत्यांनी दोन्ही आकडे, इंजिनाचा आणि जेटचा, बिलावर लिहून द्यावेत. घेणाऱ्यानेही पुरा माल भरून चाचणी घेतल्याशिवाय शेवटची रक्कम मोजू नये. इंजिनाचा हप्ता शोभेतून नव्हे, फेऱ्यांच्या कमाईतून फिटतो.