लाल गोलातलं 'ते' काय आहे?

रॉकेट उडालं की दोन गोष्टी ठरलेल्या. आधी टाळ्या, आणि मग अर्ध्या तासात येणारा तो व्हिडिओ: 'उजव्या कोपऱ्यात नीट बघा, काय उडतंय ते!' वर एक लाल गोल. इथे जेसल पार्कला खाडीकाठी रविवारी संध्याकाळी हे लाल गोल या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतात आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एलियन. दुसरी म्हणते, 'काय येडे आहात, सोडा ना!' मला विचाराल तर मंडळी, दोन्ही पार्ट्या आळशी आहेत.

पहिली पार्टी घ्या. अनेक रॉकेटांच्या टाक्यांत उणे १८३ अंशाचा द्रव ऑक्सिजन असतो. हायड्रोजन असेल तर तो उणे २५३. अशा गार पत्र्यावर हवेतली वाफ गोठते आणि उड्डाणात तिचे पापुद्रे सुटतात. वर अवकाशात मागे झाड नाही, इमारत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याजवळचा बोटभर तुकडा उन्हात चमकला की लांबचं भलंमोठं यान वाटतो. त्यात व्हिडिओ कॉम्प्रेस झालेला, वर दहा वेळा फॉरवर्ड झालेला! ठिपक्याचा चौकोन व्हायला वेळ लागत नाही.

पण 'बर्फच असणार' हे नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेनला यानाबाहेर काजव्यांसारखे चमकणारे कण दिसले. तर्क भरपूर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर वर गेला, त्याने आतून यानाची भिंत ठोकली आणि बाहेर 'काजवे' उडाले. यानावरच साचलेलं हिम! आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने बग रिप्रोड्यूस करून दाखवला.

आता दुसरी पार्टी, 'सोडा ना' वाली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि शेकडो व्हिडिओ निघाले. उल्का, धूमकेतू, क्षेपणास्त्र, सगळं म्हणून झालं. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटवरही काही जाणकारांनी बोट ठेवलं. पण व्हिडिओत बघा, पट्टे एकमेकांना समांतर आणि सावकाश सरकतायत. उल्का सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांत संपते. कक्षेतून पडणारा कचरा आठेक किलोमीटरने, तिरका येतो आणि बराच वेळ दिसतो. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशोब मांडून सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा आहे.

आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं रिंगण पडलेलं सापडलं. माणसाच्या डोक्यावर पडलं असतं तर? गावकऱ्यांनी 'सोडा ना' म्हटलं नाही, कळवलं. म्हणून ते पोलिसांकडे आणि पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचलं.

हौशी माणसाची ताकद बघायची असेल तर चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन आठवा. मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी आयटीत. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळलं. नासाने त्या भागाचा फोटो सगळ्यांसाठी खुला केला. या माणसाने तो जुन्या फोटोंशी ताडून पाहिला, पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका शोधला आणि जागेसकट नासाला कळवला. ठिपका केवढा? एक पिक्सेल! नासाने आणखी फोटो तपासले आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या नावानिशी जाहीर केलं की हा विक्रमचाच तुकडा आहे.

लाल गोल काढणाऱ्यात आणि त्यांच्यात फरक काय? शंका दोघांनाही आली. त्यांनी आधीचा फोटो काढला, नेमकी जागा दिली आणि ज्याला तपासता येईल त्याला विचारलं. बस्स, एवढंच.

तेव्हा पुढच्या लॉन्चला काही विचित्र दिसलं तर जरूर अडून बसा. मूळ व्हिडिओ शोधा, आधीच्या उड्डाणांत तसंच दिसतं का ते पाहा, कितव्या सेकंदाला दिसलं ते लिहा. मग कट्ट्यावर या. वडापाव माझ्याकडून!