पायरीला वंदन, नदीची विटंबना

पंढरीच्या महाद्वारी आलेला वारकरी चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकतो आणि नामदेव पायरीवर पाऊल न ठेवता, तिला वंदन करून राउळात प्रवेश करतो. ही मर्यादा त्याला कोणत्या फलकाने शिकविलेली नाही. ती परंपरेने अंगी बाणली आहे. मग चंद्रभागेच्या वाळवंटात तिचा विसर का पडावा? जिच्यात पुण्यस्नान करायचे, तिच्यातच जुनी वस्त्रे आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकायच्या, ही भक्ती नव्हे. राज्य शासनाने २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ अभियान हाती घेतले. परंतु शासन घाट झाडील, सवयी समाजालाच बदलाव्या लागतील. पायरी जपणाऱ्या भाविकाने नदीही जपावी. विठ्ठलाच्या चरणी तीच खरी सेवा रुजू होईल.