तीन पाळ्यांचं गाणं

‘मी डोलकर’ हे गाणं पालघरच्याच काय, कुठल्याच कोळीवाड्यात जन्मलेलं नाही. तरी सातपाटीपासून डहाणूपर्यंत एकाही हळदीचं त्याच्यावाचून पान हलत नाही. शब्द शान्ता शेळक्यांचे, त्या इंदापूरच्या. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. आवाज लताबाईंचा आणि हेमंतकुमारांचा, म्हणजे बनारसला जन्मलेल्या एका बंगाली माणसाचा. या चौघांपैकी कुणीही पहाटेच्या भरतीला होडी लोटलेली नाही. पण स्पीकरवर ते सुरू झालं की मांडवातल्या म्हाताऱ्या कोळणी उठतात आणि डीजेवाल्याला आवाज वाढवायला सांगतात. जुन्या गाण्याची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

आजच्या कानांनी ऐकलं तरी ते टिकतं. हेमंतकुमारांचा आवाज खालच्या पट्टीतला, कसलीच घाई नसलेला. त्यावर लताबाई ठसक्यात येतात. हेलकावा ठेक्यातच आहे, त्यामुळे समुद्र आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आज असं गाणं निघालं तर सुरुवातीला लाटांचा आवाज, मग सीगल, मग ड्रोनने टिपलेला केळव्याचा किनारा, आणि तोवर अर्धा मिनिट गेलेला.

सातपाटीतल्या एका तांडेलाशी या गाण्याबद्दल बोलत होतो. तो हसला आणि म्हणाला, “गानं भारी हाय, पन आमी डोलकर नाय ना! आमी दालदावाले.” हा नुसता शब्दांचा कीस नाही. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. समुद्रात खुंट ठोकून, कव मारून ते बांधायचं आणि पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा आत येईल याची वाट पाहायची. दालदा म्हणजे पाण्यात पडद्यासारखं सोडलेलं जाळं, त्यात पापलेट अडकतं. सातपाटीचं नाव या पापलेटावरच झालं. आता वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांनी पालघर-डहाणूसमोरच्या पाण्यात कवी मारल्या की दालद्याला जागा उरत नाही. हा तंटा जुना आहे; त्यासाठी बैठका झाल्या, निवेदनं गेली, भर समुद्रात बाचाबाचीही झाली. म्हणजे सातपाटीच्या हळदीत ज्या डोलकरावर, गाण्यातल्या ‘दर्याच्या राजा’वर, सगळे नाचतात, तो व्यवसायाने त्यांचा प्रतिस्पर्धी! तांडेलाला हे पुरतं कळतं. तरी तो नाचतो, कारण गाणं चांगलं आहे.

खरं गावचं कोणतं आणि स्टुडिओतलं कोणतं, हा वाद अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकमध्ये शंभर वर्षं चाललाय. त्याची सुरुवात साधारण १९२७ पासून धरतात. व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर याने टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं सामान मांडलं आणि त्या उन्हाळ्यात त्याला कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स सापडले. कार्टर घराण्यातला ए. पी. पुढे डोंगराळ भागात हिंडून गाणी गोळा करायचा. त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवाला असे. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. ज्या बँजोशिवाय ‘गोऱ्या खेडुतांचं संगीत’ डोळ्यांपुढे येत नाही, तो बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा. रडवणारी ती स्टील गिटार हवाई बेटांवरची.

आपल्याकडेही तेच. मिरवणुकीतली बेंजो पार्टी म्हणजे आमच्या भागाचा जीव की प्राण. रितेश देशमुखचा त्यावर सिनेमाही येऊन गेला. पण तो बेंजो मुळात बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्यात. म्हणजे वाद्य जपानी, त्याला मिळालेलं नाव आफ्रिकेहून अमेरिकेमार्गे आलेलं, आणि वाजवायचा विसर्जनाला. कुणी माझ्यापुढे ‘अस्सल’ हा शब्द काढला की मी त्याला हा प्रवास ऐकवतो.

(कंट्री म्युझिक आपल्या जिल्ह्यात खरोखर ऐकलं गेलं ते वसईच्या ख्रिस्ती घरांत. जिम रीव्ह्ज १९६४ साली विमान अपघातात गेला, पण तिथल्या नाताळात तो पुढे कितीतरी वर्षं दरसाल हजर होता. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता नव्या गाण्यांकडे. या हंगामात आगरी-कोळी सिंगल इतके आले की यादी करायला बसलो तर जागा पुरणार नाही. यूट्यूबवर ते रोज निघतात आणि लग्नसराईच्या तोंडावर तर दिवसाला दोन-तीन. मी ते मनापासून ऐकतो. आवाज चांगले आहेत, गाणारी पोरं मेहनती आहेत, ठेका तर असा पक्का की बोईसरच्या रिक्षातला फुटका स्पीकरही त्याला बिघडवू शकत नाही. ऑटोट्यूनबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार ही की चार गाणी ओळीने ऐकली की कोणतं कुठलं ते सांगता येत नाही. सोन्याचा हार, नऊवारी, काळा गॉगल, एकवीरा आई, नवरदेवाचा मित्रपरिवार. वरळीचं म्हणा, उरणचं म्हणा, नाहीतर मुरब्याचं. कुठल्याही गावाचं नाव बसवा, गाण्याचं काही बिघडत नाही. वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेट ज्या काळात घराघरांत वाजत, तेव्हा गाण्यातली पारूसुद्धा वेसाव्याचीच होती, भलत्या बंदरातली नव्हे.

विकतचा ठेका वापरतात म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. लिल नॅस एक्स या पोराने इंटरनेटवर ३० डॉलरला ठेका घेतला आणि त्यावर ‘ओल्ड टाउन रोड’ केलं. बिलबोर्डने २०१९ मध्ये ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. म्हणे यात कंट्रीचा पुरेसा अंश नाही. मग ते सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिल्या नंबरावर बसलं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं २०२४ मधलं ‘गुलाबी साडी’ही असंच घरगुती भांडवलावरचं. मला ते आवडतं, कारण त्यात मागणी केवढी? नटून आले आहे, फोटो नीट काढ. एवढीशी गोष्ट, पण तिला चेहरा आहे. कोळीगीतवाल्यांनी त्याचा ठेका उचलला, ती एवढीशी गोष्ट मात्र तिथेच ठेवली.

डोंगराकडच्या बाजूला समीक्षकाची खरी पंचाईत होते. जव्हार, डहाणू, तलासरीकडचा तारपा हे सिंगल काढायचं वाद्यच नाही. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२६ मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. नव्वदीच्या घरातला माणूस, तारपे स्वतः बनवतो. सुकवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला भोंगा, आणि सांधे बुजवायला मधमाशीचं मेण. उन्हात मेण मऊ पडतं, थंडीत कडक होतं, आणि सूर त्याप्रमाणे हलतो. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तारपे एका पट्टीत बोलत नाहीत. पेटीवाल्याने साथीला बसायचं ठरवलं तर रडकुंडीला येईल.

वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून ठेवायची, ती भोपळ्यात सोडता सोडता नाकाने नवी ओढून घ्यायची. भात पिकायला लागलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या दिवसांत रात्र रात्र चालतो. भोवती कमरेला हात घालून उभी राहिलेली पोरं-पोरी, पुढच्याच्या हातात घोळकाठी. तारपकरी चाळा, म्हणजे धून, बदलतो तसे पाय बदलतात. मोराचा चाळा निराळा, देवाचा निराळा. चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी गंजाडच्या कळंबीपाड्यात बसून हाच फेर पांढऱ्या रंगात जगभर पोचवला. त्यांच्या चित्रात तो गुंडाळत आत आत जातो आणि मधोमध तारपकरी. त्या फेराला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

रेकॉर्डिंगवर मात्र तारपा चार मिनिटांनी हळूहळू बारीक होत विरून जातो. तारपकरी वाजवतोच आहे, आपणच उठून चाललो, असं मला दर वेळी वाटतं.

९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, टेम्पोवर कीबोर्ड असतो आणि त्यात तारप्याचा आवाज भरलेला. जुनी मंडळी हळहळतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. टेम्पोवरचा पोरगा खाली वाकून पाय बघतो. पाय दमले की लय उतरवतो, नवा घोळका आला की चढवतो. तारपकऱ्याचा तो पुतण्याच आहे. घरी मोबाइलवर ऐकलेल्या त्याच पोराच्या रेकॉर्डमध्ये पाय दिसत नाहीत, म्हणून ती फिकी पडते. दोष विजेचा नाही.

हे सगळं नाचाचं झालं. माझी खरी भूक दुसरी आहे, आणि ती बोईसरला उतरलं की जास्त जाणवते.

अमेरिकन कंट्रीतलं मला सर्वांत प्रिय गाणं ‘सिक्स्टीन टन्स’. केंटकीच्या कोळसा खाणींच्या भागात वाढलेल्या मर्ल ट्रॅव्हिसने ते १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं, आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या भरड, खोल आवाजात ते अमेरिकाभर पहिल्या नंबरावर गेलं. त्यात प्रेयसी नाही, चांदणं नाही. दिवसभर कोळसा उपसायचा आणि संध्याकाळी कंपनीच्याच दुकानाचं देणं वाढलेलं बघायचं, एवढीच हकिकत. साथीला चुटक्या आणि एक क्लॅरिनेट. असल्या विषयावर लोकांनी नाणी खर्च करून रेकॉर्ड घेतली, नाचघरात लावली.

आमच्याकडे विषयांना तोटा आहे का? तारापूरला १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र चालतं. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच्या गावं उठली. एमआयडीसीत औषधं, रंग, पोलाद, कापड. खाडीचं पाणी कधी कुठल्या रंगाचं ते नवापूरवाल्यांना विचारा. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ज्यांच्या मासेमारीच्या पाण्यात ते येतंय, त्यांच्या मोर्च्यात घोषणा ऐकल्या, पण मोर्चा संपल्यावर कुणी गुणगुणत घरी जाईल असं गाणं माझ्या कानावर आलेलं नाही. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी स्टेशनकडे निघालेल्या माणसावर मराठीत एक सिंगल नाही. दर्याच्या राजाला मात्र वर्षाला शंभर.

कवीच नसतील असं नाही. पण आगरी-कोळी गाणं हळदीच्या सुपारीवर जगतं, आणि हळदीत प्रॉव्हिडंट फंडाचं गाणं कोण लावणार? व्यवहार म्हणून ते मला पटतं. सदर लिहिणारा म्हणून पटत नाही, कारण ‘सिक्स्टीन टन्स’वरही लोक नाचलेच होते.

बोईसरच्या चाळींतल्या खोल्यांमधून बाहेर येणारं गाणं बहुतेक भोजपुरी असतं. आपल्याकडे त्याची टर उडवायची पद्धत आहे, आणि अर्ध्या गाण्यांची तीच लायकी आहे. उरलेल्या अर्ध्यांच्या मागे भिखारी ठाकूर उभे आहेत. छपराकडचा हा न्हावी तरुणपणी कमाईसाठी खरगपूरला गेला, परतून त्याने ‘बिदेसिया’ रचलं. गावी राहिलेली बायको, परदेशी गेलेला नवरा. हा सगळा ऐवज आज बोईसरच्या एका खोलीत पाच-सहा जणांच्या स्वयंपाकाबरोबर शिजत असतो.

अशाच एका खोलीत राहणाऱ्या, लूमवर काम करणाऱ्या कारागिराने मला स्वतः बांधलेला भोजपुरी बिरहा ऐकवला. डहाणू लोकलमध्ये, उमरोळी गेल्यावर, खिडकीच्या पत्र्यावर ताल धरून. त्यात ठेकेदार होता, कापलेला ओव्हरटाइम होता, बोईसर पूर्वेची खोली होती आणि पावसात गळणारा तिचा पत्रा होता. चाल लग्नातल्या गाण्याची उचललेली, ते ओळखू आलं. पहिलं कडवं पक्कं. दुसऱ्यात तो अचानक देशभक्तीवर घसरला आणि मात्रा लंगडायला लागल्या. तिसऱ्यात ठेकेदार परत आला आणि गाणं सावरलं. मी त्याला सरळ सांगितलं, बाकी फर्मास आहे, पण दुसरं कडवं काढून टाक.

“वो वाला हमारे रूम पार्टनर का लिखा है,” तो म्हणाला, “काट देंगे तो रोटी कौन बनाएगा?”