बोनेट बदललं, इंजिन तेच

पाथर्डीच्या सेवा केंद्रात सातबारा काढायला जा, कॉम्प्युटरवर क्रोमच उघडणार. ‘मग एज घ्या, ब्रेव्ह घ्या,’ असं सांगणारे शहाणे भेटतात. अरे, दोन्ही क्रोमियमवरच चालतात! मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये स्वतःचं इंजिन काढून तेच बसवलं. वेगळं इंजिन हवं तर विंडोजवर फायरफॉक्स घ्या. तो मराठीतही मिळतो. त्याचं पोट बरंचसं गूगलच्याच पैशावर भरतं, हे खरंय. पण जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिथे चालतं, क्रोमने ते बंद पाडलं. जाहिराती विकणाऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

आणि ‘साइट क्रोममध्येच उघडा’ लिहिणाऱ्या बाबूंनो, काल हीच सक्ती इंटरनेट एक्सप्लोररची होती. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये तो गुंडाळला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्या पोरांनी उद्या कोणाची वाट बघायची?