पाऊण तासाची मिस्सा

रविवारची मिस्सा पाऊण तासात आटोपली पाहिजे, ही मागणी आपल्या वसईच्या धर्मग्रामांत आता उघडपणे ऐकू येते. मागणी करणारे अश्रद्ध नव्हेत. नेमाने मिस्सेला येणारी, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवणारी ही माणसे आहेत. त्यांच्या हाती अलीकडे एक हुकमी पत्ताही आला आहे. १२ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये, लोकांना झोप येते, असे बजावले. मग काय, ‘खुद्द पोपच म्हणाले!’

पोप म्हणाले ते प्रवचनाविषयी. त्याबाबत त्यांच्याशी कोण भांडेल? एकच दळण तीनदा दळणारी प्रवचने आम्हीही सोसली आहेत. परंतु त्यातून वाचलेली मिनिटे त्यांनी घरी लवकर पळण्यासाठी बहाल केलेली नाहीत. रोमन मिस्साग्रंथाच्या २००२ सालच्या सर्वसाधारण सूचना कोणीही उघडून पाहाव्यात. शब्दविधी मननाला पोषक व्हावा, मननात व्यत्यय आणणारी घाई टाळावी, वाचनांनंतर आणि प्रवचनानंतर थोडे मौन पाळावे, असे ५६व्या कलमात सांगितले आहे. ते मौन गेले कुठे? पहिले वाचन संपते न संपते तोच पेटीचे सूर उमटतात. ख्रिस्तशरीर स्वीकारून माणूस जागेवर येतो, गुडघे टेकतो, डोळे मिटतो आणि ध्वनिक्षेपक गरजतो: सहलीची नावे बुधवारपर्यंत द्यावीत! अखेरच्या आशीर्वादाआधी बाहेर मोटारसायकली सुरू झालेल्या असतात.

सहा दिवस विरार लोकलमध्ये लोंबकळणाऱ्याला रविवारी तरी मोकळा सोडा, असा युक्तिवाद केला जातो. रविवारीही पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेसाठी, हॉटेलातील कामगारासाठी पहाटेची छोटी मिस्सा जरूर असावी. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु बाकीच्यांचे काय? ज्याने सहा दिवस मिनिटामिनिटाचा हिशेब केला, त्याच्या हाती सातव्या दिवशीही आपण घड्याळच द्यायचे? यास मोकळीक म्हणवत नाही. प्रभूचा दिवस म्हणजे निव्वळ आठवड्याअखेरची सुटी नव्हे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ‘दिएस दोमिनी’ या पत्रात विस्ताराने मांडले होते. आपण मात्र मिस्सा उरकून त्या सुटीकडे धाव घेतो.

आपल्या वाडवडिलांनी वाडीवाडीत बावखले राखली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, सावकाश जमिनीत मुरे. विहिरी गोड राहत आणि समुद्राचा खारेपणा दूर थोपवला जाई. पुढे आपल्याला तीच बावखले अडगळ वाटू लागली. नुसते उभे पाणी, काय कामाचे? घातला भराव, उभ्या केल्या इमारती आणि आता टँकरची वाट पाहतो. मिस्सेतील स्तब्धतेकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. तिथे काही घडताना दिसत नाही, म्हणून गाण्याने नाहीतर सूचनेने ती जागा भरून टाकतो.

धर्मग्राम मंडळांपुढे माझी मागणी एवढीच आहे. येत्या रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर तीन मिनिटे पेटी आणि ध्वनिक्षेपक दोन्ही बंद ठेवावेत. कोणी खोकेल, एखादे मूल रडेल, रडू द्यावे. सहलीची सूचना दाराशी असलेल्या फळ्यावर लिहिता येते.