यंत्राआधी रीत

सहावी-सातवीतील मुलांस संगणक हा विषय लागला म्हणजे घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घरी यंत्र आणल्यावाचून ही विद्या यावयाची कशी? दुसरा म्हणतो, यंत्र आले की अभ्यास बुडालाच! दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, संगणकशास्त्र म्हणजे यंत्र चालविणे. आमच्या मते हीच समजूत आधी दूर झाली पाहिजे. कळफलकावर बोटे चालविणे हे कसब होय. एखाद्या कामाची रीत संदेह न राहील अशी सांगणे आणि ती सर्वत्र खरी उतरते की नाही हे पडताळणे, हे शास्त्र होय.

याचा उत्तम धडा एका मराठी शिक्षकानेच घालून दिला आहे. देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली एक रीत पुढे मांडली. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी व उत्तरावर तेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

आता मुलांस २१११ द्यावी. वजाबाकी ९९९ येते. जो मुलगा हे तीनच अंक धरील त्याच्या हाती पुढे शून्य येईल. जो ०९९९ असे लिहील तो पाचव्या पायरीस ६१७४ वर पोहोचेल. चूक मुलाची की रीत सांगणाराची? ‘चार अंक कायम राखावेत’ हे आम्ही वर सांगितलेच नव्हते. माणूस अध्याहृत गोष्ट समजून घेतो, यंत्र घेत नाही; हे ज्या मुलास उमगले त्यास या शास्त्राचे पहिले पाऊल साधले.

दुसरे उदाहरण बारामतीलगतच्या जळोचीचे घेऊ. तेथे फळांचा बाजार आहे. तराजू आणि प्रतवारी तेथील मुलांस नवी नाहीत. निरनिराळ्या वजनांची आठ डाळिंबे देऊन सर्वांत जड कोणते ते पारड्याच्या तराजूने शोधावयास सांगावे. जड ठरलेले हाती ठेवून पुढचे लावीत गेल्यास सात वेळा तोलावे लागते. जोड्या लावून जिंकलेल्यांच्या पुन्हा जोड्या लावल्या, तरीही चार, दोन व एक मिळून सातच. परंतु चार तराजू असतील तर दुसऱ्या रीतीने तीन फेऱ्यांत काम उरकते. पहिलीस मात्र सातच लागतात. एकाच वेळी अनेक यंत्रांस काम कसे वाटून द्यावे, हा मोठ्या संगणकांपुढील प्रश्न मुलास येथेच भेटतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात या विद्येचा समावेश सुचविला आहे. एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ साली आरंभिलेला ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम तर यंत्रावाचून करता येण्याजोग्या धड्यांवरच भर देतो. पुष्कळ घरांत यंत्र एक व मुले चार असतात, आणि पहिला मान मुलग्यांस मिळून मुलींची पाळी मागे पडते. कागद व पेन्सिल यांस अशी पाळी लावावी लागत नाही, हाही या पद्धतीचा लहान लाभ नव्हे.

यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. रीत स्वतः मांडल्यावर ती यंत्राकडून करवून घेण्याचा आनंद मुलांस अवश्य द्यावा. मात्र आज यंत्रे आज्ञावलीही स्वतः लिहून देतात, आणि उत्तर चुकले तरी त्यांच्या भाषेतील ठामपणा कमी होत नाही. अशा वेळी ज्यास पडताळा घेता येत नाही, त्यास ते उत्तर मुकाट्याने शिरोधार्य मानावे लागते. आमच्या मुलांवर ही पाळी येऊ नये.

तेव्हा येत्या रविवारी आजोबांनी किंवा काकूंनी यंत्र व्हावे. मुलांनी चहा करण्याची रीत कागदावर लिहून द्यावी, आणि यंत्राने लिहिले तेवढेच करावे. आधण ठेवण्याचे लिहिले नसेल तर ठेवू नये. चहा बहुधा पहिल्या खेपेस व्हावयाचा नाही. तो होईपर्यंत रीत सुधारीत जावी.